पिस्टन आणि व्हॉल्व्हची टक्कर: जुन्या गाडीचं इंजिन हाताने फिरवण्यापूर्वी

वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी गाडी ताब्यात आली की पहिला मोह होतो तो इंजिन फिरतंय का ते बघण्याचा. पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावायचा आणि जोर द्यायचा. नाहीच फिरलं तर पान्यात पाइप घालून आणखी जोर. इंजिनाचं सर्वांत महागडं नुकसान बऱ्याचदा याच पाच मिनिटांत होतं. पेट्रोल नाही, ठिणगी नाही, इंजिन एकदाही सुरू झालेलं नाही, आणि आत एक व्हॉल्व्ह वाकून बसलेला असतो. बाहेरून काहीच कळत नाही. महिन्याभराने गाडी सुरू होते, एक सिलिंडर धड चालत नाही आणि मिस्त्री कार्बोरेटरच्या मागे लागतो.

हे टाळता येतं. त्यासाठी फार हत्यारं लागत नाहीत. आत्ता या क्षणी कुठला पिस्टन कुठे आहे आणि कुठला व्हॉल्व्ह उघडा आहे, हे फिरवणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

दोघांची जागा एकच

सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली करतो. सिलिंडरच्या डोक्यावर हेड असतं आणि हेडमध्ये व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह उघडतो म्हणजे तो खाली, पिस्टनच्या दिशेने उतरतो. पिस्टन वर येतो तो नेमका त्याच जागेत. एका उखळात दोघींनी आळीपाळीने मुसळ मारावं तसा हा मामला आहे. ताल सांभाळला तर दिवसभर कांडता येतं, चुकला तर मुसळावर मुसळ.

हा ताल सांभाळते टायमिंग चेन. काही इंजिनांत बेल्ट असतो, काहींत गिअर. पिस्टनना वर-खाली करणारा दांडा म्हणजे क्रँक, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. हे नातं शाबूत आहे, व्हॉल्व्ह मोकळे चालतायत आणि इंजिनात कंपनीने ठरवलेलेच भाग आहेत, तोवर क्रँक कितीही फिरवा, आत कोणी कोणाला लागणार नाही. हाताने फिरवताना टक्कर होते ती यातलं काहीतरी बिघडलेलं असतं म्हणून. चेन सुटलेली असते किंवा तिने दात सोडलेला असतो, एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये, म्हणजे त्याचा दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यात, जाम झालेला असतो, किंवा आधीच्या कोणीतरी हेड घासून, वेगळे पिस्टन घालून आतली जागा कमी केलेली असते. जुन्या गाडीच्या बाबतीत आधीच्या मालकाने काय काय केलंय ते कोणालाच पक्कं माहीत नसतं. म्हणून काहीतरी बिघडलंय असं धरूनच सुरुवात करावी.

सगळ्या जुन्या इंजिनांना हा धोका सारखा नाही. फोर्ड मॉडेल टी किंवा महायुद्धातली विलीज जीप घ्या. त्यांच्या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच उभे असतात आणि उघडताना वर जातात. पिस्टनच्या वाटेत ते येतच नाहीत. अशा इंजिनात पिस्टन सिलिंडरला चिकटला असेल, पण व्हॉल्व्हला धडकणार नाही.

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी किंवा आपली अँबॅसिडर हा पुढचा प्रकार. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, तिथून पुशरॉड नावाच्या काड्या वर जातात, रॉकर नावाच्या तरफा हलवतात, रॉकर व्हॉल्व्ह दाबतात. क्रँक आणि कॅम यांना जोडणारी चेन आखूड असते आणि हेड उघडलं तरी ती हलवावी लागत नाही, हा या रचनेचा मोठा फायदा. इथे त्रास देतो तो जाम झालेला व्हॉल्व्ह. बंद अवस्थेत जाम झाला असेल तर कॅम त्याला उघडायला बघतो आणि पुशरॉड वाकतो. उघड्या अवस्थेत जाम झाला असेल तर वर येणारा पिस्टन त्याला गाठतो.

खरी काळजी घ्यावी लागते ती कॅमशाफ्ट हेडमध्ये असलेल्या इंजिनांत. तिथे हेड काढायचं म्हणजे चेन किंवा बेल्ट सोडायचाच, आणि ज्या क्षणी तो सुटला त्या क्षणी ताल सांभाळणारं कोणी उरत नाही. या जातीचं एक इंजिन जवळून पाहू, कारण त्यात टकरीचे सगळे प्रकार एकत्र सापडतात.

जॅग्वारचं एक्सके इंजिन

दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात आगीवर नजर ठेवायला रात्रीचे पहारे असत. त्या पहाऱ्यांवर कंपनीचे प्रमुख विल्यम लायन्स आणि त्यांचे इंजिनिअर विल्यम हाइन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली युद्धानंतरच्या इंजिनाबद्दल चर्चा करत. त्यातून जे इंजिन उभं राहिलं ते ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या मोटार शोमध्ये एक्सके १२० या गाडीत लोकांसमोर आलं. सहा सिलिंडर, ३४४२ सीसी, हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट. याच इंजिनाच्या जोरावर जॅग्वारच्या गाड्यांनी १९५१ ते १९५७ दरम्यान ल मानची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकली. १९६१ च्या ई-टाइपमध्येही तेच इंजिन ३.८ लिटरचं होऊन आलं आणि डेमलरच्या लिमोझिनमध्ये ते १९९२ पर्यंत टिकलं. हेडच्या रचनेत हॅरी वेस्लेक या तज्ज्ञाचा हात होता. अँबॅसिडरमध्ये आलेल्या १४८९ सीसीच्या ब्रिटिश इंजिनाचा हृदयाच्या आकाराचा ज्वलनकक्ष हीसुद्धा त्यांचीच कल्पना. म्हणजे आपल्याकडच्या टॅक्सीचं इंजिन आणि ल मान जिंकणारं इंजिन एका अर्थाने नात्यातली आहेत.

एक्सकेचा ज्वलनकक्ष अर्धगोलासारखा आहे. इनटेक (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हची रांग एका बाजूला कललेली, एक्झॉस्टची (धूर बाहेर सोडणाऱ्यांची) दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही रांगांमध्ये ७० अंशांचा कोन. असं केलं की मोठे व्हॉल्व्ह बसतात, हवा सरळ आत येते, स्पार्क प्लग मधोमध बसवता येतो. ताकद त्यातूनच येते. पण व्हॉल्व्ह तिरके असल्यामुळे उघडताना दोघंही खाली आणि आत, सिलिंडरच्या मध्याकडे सरकतात. एकाच सिलिंडरचे इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच वेळी पूर्ण उघडले तर त्यांच्या कडा एकमेकींवर आदळतात. म्हणजे इथे पिस्टन-व्हॉल्व्ह टक्कर तर आहेच, शिवाय व्हॉल्व्ह-व्हॉल्व्ह टक्करही आहे, आणि हेड टेबलावर काढून ठेवलेलं असतानासुद्धा ती होऊ शकते.

नव्याने या इंजिनावर काम करणाऱ्याला आणखी एक गोष्ट चकवते. बहुतेक गाड्यांत एक नंबरचा सिलिंडर पुढे, रेडिएटरकडे असतो. जॅग्वारने तो मागे, फ्लायव्हीलकडे धरला. रेडिएटरच्या बाजूचा सिलिंडर सहा नंबरचा. टायमिंग लावायचं ते हा सहा नंबर टॉपला, म्हणजे त्याचा पिस्टन पूर्ण वर आणून. एक आणि सहा एकाच वेळी टॉपला येतात, त्यामुळे नुसत्या क्रँककडे बघून कोणता कॉम्प्रेशनला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटून हवा दाबत, वर आला आहे हे सांगता येत नाही. कव्हर काढून कॅमच पाहावे लागतात. सहा नंबर कॉम्प्रेशनवर टॉपला असताना पुढच्या दोन्ही कॅमची नाकं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे उंचवटे, एकमेकांपासून लांब, बाहेर वळलेली असतात आणि त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद असतात. मागे एक नंबरला मात्र तेव्हा एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनटेक उघडू लागलेला असतो, दोन्ही थोडे थोडे उघडे, आणि पिस्टन अगदी वर. चेन सोडल्यावर कॅम जरासा जरी फिरला तरी पहिला फटका बसणार तो मागच्या या सिलिंडरला, जिथे कोणाचं लक्ष नसतं.

हाताला का कळत नाही

बरेच जण म्हणतात, हाताने हळू फिरवतोय, लागलं तर कळेलच. हा भरवसा चुकीचा आहे आणि का चुकीचा आहे ते आकड्यांत बघण्यासारखं आहे.

३.८ लिटरच्या एक्सकेचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरपासून खालपर्यंतचा प्रवास, १०६ मिमी आहे आणि कनेक्टिंग रॉड सुमारे १९७ मिमी. पिस्टन टॉपच्या १० अंश अलीकडे आला की तो पूर्ण वर पोहोचायला जेमतेम १ मिमी बाकी असतो. त्या जागी क्रँक १ अंश फिरवला तर पिस्टन फक्त ०.२ मिमी सरकतो. आता पान्याला पाइप घालून ६० सेंटीमीटरचा दांडा केलात, तर त्याच १ अंशात दांड्याचं टोक सुमारे १०.५ मिमी सरकतं. म्हणजे हाताचा जोर पिस्टनपर्यंत पोहोचताना पन्नासपटीहून जास्त होतो. टोकाला २० किलोचा जोर लावलात, आणि तो काही फार नाही, की घर्षणातलं सोडून पिस्टन साधारण १ टनाने वर रेटतो. समोर असतो जेमतेम ८ मिमी जाडीच्या दांड्याचा व्हॉल्व्ह, तोही तिरका, आणि टक्कर त्याच्या टोपीच्या कडेवर. तो वाकणारच. हाताला मात्र एवढंच जाणवतं की इंजिन जरा जड आहे, आणि जुनं इंजिन तर जड असतंच.

म्हणून पान्यात पाइप घालणं हे माझ्या मते या कामातलं सर्वांत वाईट पाऊल आहे. हाताच्या वितीएवढा, २५ सेंटीमीटरचा पाना वापरावा. त्याने इंजिन फिरत नसेल तर का फिरत नाही हे शोधायचं, दांडा लांब करायचा नाही. सेल्फ मारून बघणं किंवा गाडी गिअरमध्ये टाकून ढकलणं तर त्याहून वाईट, कारण त्यात हात इंजिनावर नसतोच.

सगळे प्लग आधी काढावेत. प्लग लावलेले असताना प्रत्येक सिलिंडर आपापल्या कॉम्प्रेशनला अडवतो आणि त्या अडवण्यात खरी धातूची टक्कर झाकली जाते. प्लग काढल्यावर उरतो तो व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा जोर. तो ओळखता येतो: हळूहळू चढतो, एका जागी शिगेला पोहोचतो आणि मग उलट आपणच पुढे ढकलले जातो. टक्कर तशी नसते. सगळं हलकं चाललेलं असताना एकदम भिंत लागते, तीही दरवेळी त्याच जागी. तिथे थांबायचं, चार-पाच अंश मागे यायचं आणि झाकण उघडून बघायचं. आणखी एकदा रेटून खात्री करून घेऊ असा विचार मनात आला तर पाना खाली ठेवावा.

आधी कव्हर उघडा

बंद पडलेल्या इंजिनात काही व्हॉल्व्ह कायम उघडे राहिलेले असतात, कारण ते ज्या स्थितीत थांबलं त्याच स्थितीत वर्षानुवर्षं असतं. उघड्या व्हॉल्व्हमधून दमट हवा आत जाते. मुंबईत, कोकणात, गोव्यात चार पावसाळे बंद शेडमध्ये काढलेल्या गाडीचं काय होत असेल ते सांगायला नको. व्हॉल्व्हच्या दांड्याला गंज चढतो, जुन्या पेट्रोलचा चिकटा गाइडमध्ये वाळून बसतो. पहिल्यांदा फिरवल्यावर कॅम व्हॉल्व्हवरून सरकतो, पण व्हॉल्व्ह स्प्रिंगला न जुमानता तिथेच उघडा राहतो. पुढच्या फेऱ्यात पिस्टन येतो.

म्हणून पाना लावायच्या आधी कव्हर काढावं. रॉकरच्या इंजिनात बघायचं ते असं: ज्या व्हॉल्व्हवर कॅमचा दाब नाही त्याच्या रॉकरला हाताने हलवल्यावर अगदी किंचित खेळ असायला हवा. एखादा रॉकर ढिला, लटपटता, मिलिमीटर दोन मिलिमीटर हलणारा दिसला तर समजावं की खालचा व्हॉल्व्ह वर आलेलाच नाही. एक्सकेमध्ये कॅमची पाठ (नाकाच्या उलट बाजू) बकेटकडे, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या टोपीकडे असताना फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघायचं. इनटेकला ०.१० मिमी आणि एक्झॉस्टला ०.१५ मिमीच्या आसपास फट असायला हवी. तिथे जाड पट्टीसुद्धा सहज शिरत असेल तर तो व्हॉल्व्ह जाम आहे. एका जागी उभं राहून सगळे व्हॉल्व्ह तपासता येत नाहीत, कारण काहींवर कॅमचा दाब असतोच. थोडं फिरवायचं, पुन्हा तपासायचं. वेळ लागतो, लागू द्यावा.

आता प्लगच्या भोकातून मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा आत सोडता येतो आणि तो फार महाग नाही. एक्सकेचा प्लग मधोमध असल्याने दोन्ही व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा माथा त्यात चांगले दिसतात. आत पाणी साठलेलं असेल तर तेही दिसतं. पाणी किंवा तेल दाबलं जात नाही. भरलेल्या सिलिंडरवर प्लग लावून सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. जाम पिस्टन मोकळे होण्यासाठी प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडून काही दिवस ठेवायचं हे योग्यच, पण नंतर प्लग उघडे ठेवूनच फिरवायचं.

पुशरॉडच्या इंजिनात तर एक सोपी सोय आहे: पहिल्यांदा फिरवण्याआधी पुशरॉडच काढून ठेवायचे. मग स्प्रिंगांनी सगळे व्हॉल्व्ह बंद राहतात आणि क्रँक निर्धास्त फिरवता येतो. पण अँबॅसिडरसारख्या इंजिनात रॉकर शाफ्टच सोडायला जाऊ नये. त्याचे काही नट हेडच्या स्टडवरच असतात, ते सोडले की गॅस्केटवरचा दाब बिघडतो. रॉकरवरचे टॅपेटचे स्क्रू पूर्ण सैल करून, रॉकर शाफ्टवरच बाजूला सरकवून पुशरॉड वर काढावेत, आणि काढताना थोडे पिळावेत म्हणजे खालचा, कॅमवर टेकलेला टॅपेट तेलाने चिकटून सोबत येत नाही. क्रमही जपावा. पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर घातले की झालं.

सहा सिलिंडरमधली सुरक्षित जागा

चेन सुटलेली आहे आणि कॅम कसे उभे आहेत ते माहीत नाही, अशी वेळ येते. दुसऱ्या कोणी अर्धवट उघडून ठेवलेलं इंजिन घेतलं की हमखास येते. तेव्हा क्रँकची अशी जागा शोधायची की कुठलाच पिस्टन वरच्या भागात नसेल.

चार सिलिंडरच्या नेहमीच्या इंजिनात ती सोपी आहे. एक आणि चार टॉपला असतात तिथून क्रँक ९० अंश फिरवला की चारही पिस्टन एका पातळीवर येतात, स्ट्रोकच्या निम्म्याहून थोडे खालीच. सहा सिलिंडरमध्ये मात्र पिस्टनच्या तीन जोड्या १२० अंशांच्या अंतराने असतात. एक-सहाची जोडी टॉपला असताना बाकी चार पिस्टन टॉपपासून ८५ मिमी खाली असतात. क्रँक ३० अंश फिरवला तर एक-सहा जेमतेम ९ मिमी खाली येतात. ई-टाइपच्या व्हॉल्व्हची उचल ९.५ मिमी आहे, म्हणजे एवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. ६० अंशांवर आलात की एक-सहा ३२ मिमी खाली येतात, दुसरी एक जोडी वर चढत त्याच ३२ मिमीवर येते आणि तिसरी तळाला असते. सहातला एकही पिस्टन टॉपपासून ३२ मिमीपेक्षा जवळ नाही आणि व्हॉल्व्ह फार तर ९.५ मिमी उतरणार. पिस्टनशी गाठ पडणं शक्यच नाही. ६० च्या पुढे गेलात की ती दुसरी जोडी वर येऊ लागते, म्हणून डँपरवरच्या (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या जड चकतीवरच्या) टॉपच्या खुणेपासून मोजून ६० वर थांबायचं.

कॅम सुटे असताना हे ६० अंश फिरवायचे तर दिशा अशी निवडावी की सर्वांत वर असलेला पिस्टन खालीच जाईल. प्लगच्या भोकातून प्लॅस्टिकची लांब काडी सोडून हातात धरली की तो खाली जातोय की वर येतोय ते लगेच कळतं. धातूची सळई नको. ती अडकली तर आणखी एक दुरुस्ती पदरात पडते.

एवढं करूनही एक्सकेमध्ये व्हॉल्व्ह-व्हॉल्व्ह टकरीचा प्रश्न राहतोच. क्रँक सुरक्षित जागी असो वा हेड टेबलावर असो, दोन्ही कॅमशाफ्ट बसवलेले असताना एकटा कॅम पूर्ण फिरवायचा नाही. कंपनीची पद्धत साफ आहे: व्हॉल्व्हची फट तपासताना एका वेळी एकच कॅमशाफ्ट बसवायचा, ती बाजू झाली की तो सोडायचा, मग दुसरा. प्रत्येक कॅमशाफ्टला चार बेअरिंग आहेत. त्यांचे नट आळीपाळीने, थोडे थोडे सैल करायचे, नाहीतर स्प्रिंगांच्या जोराने कॅमशाफ्टवर वाकडा ताण येतो. बेअरिंग सैल झाली की त्या बाजूचे सगळे व्हॉल्व्ह आपोआप मिटतात. कॅम कुठे आहेत ते कळत नसेल तर ही पहिली गोष्ट करावी असं मी म्हणेन. मिटलेला व्हॉल्व्ह कोणाच्याच वाटेत येत नाही.

हेड काढताना, बसवताना

चांगल्या स्थितीतल्या इंजिनाचं हेड काढायचं असेल तर ६० अंशांच्या भानगडीत पडायचं कारण नाही. इंजिन पुढून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत सहा नंबर कॉम्प्रेशनवर टॉपला आणायचा. खूण ओलांडली तर चांगलं पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढून यायचं, म्हणजे चेनचा ढिलेपणा नेहमीच्या बाजूला राहतो. कॅमच्या पुढच्या गोल चकतीत खाच असते. हेडवर ठेवायची छोटी पट्टी, म्हणजे गेज, त्या खाचेत बसली की कॅम जागेवर आहे. स्प्रॉकेटचे जे बोल्ट खाली लपलेले असतात ते इंजिन फिरवून आधी सोडून घ्यायचे आणि मग टॉपला यायचं. शेवटचे बोल्ट काढले, स्प्रॉकेट चेनसकट कॅमवरून सरकवले, की त्या क्षणापासून क्रँकही फिरवायचा नाही आणि कॅमही नाही. त्या दिवसांत गाडी गिअरमध्ये असताना कोणी ढकलू नये म्हणून ती न्यूट्रलला ठेवून चाकांना अडण लावावी आणि बॅटरीची तार काढावी. गॅरेजमध्ये माणसं येत-जात असतात, सगळ्यांना सांगत बसता येत नाही.

काढलेलं हेड टेबलावर पालथं ठेवू नये. कॅम जागेवर असताना काही व्हॉल्व्ह उघडेच असतात आणि ते हेडच्या सपाटीखाली बाहेर आलेले असतात. एवढ्या जड हेडचा सगळा भार त्या दोन-चार व्हॉल्व्हवर येतो. दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे ठेवून त्यावर हेड टेकवावं. पिस्टनची टक्कर टाळण्यासाठी एवढा जीव पाखडायचा आणि व्हॉल्व्ह टेबलावर वाकवायचे, असं होऊ देऊ नये.

हेडचं फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून आणलं असेल, पिस्टन बदलले असतील किंवा वेगळा कॅम घातला असेल तर पुस्तकातल्या आकड्यांवर न जाता जागा मोजूनच घ्यावी. फेसिंगमध्ये हेड जितकं उतरतं तितके व्हॉल्व्ह पिस्टनजवळ येतात. शिवाय कॅम क्रँकच्या जवळ आल्यामुळे चेन सैल पडते आणि कॅमचं टायमिंग थोडं मागे पडतं. एक्सकेच्या स्प्रॉकेटमध्ये बारीक दात्यांची चकती आहे ती याचसाठी: चेन न हलवता कॅम अगदी थोडा पुढे-मागे करून गेज खाचेत बसवता येतं. आधीच्या माणसाने उंच माथ्याचे, ९:१ कॉम्प्रेशनचे पिस्टन घातलेत की ८:१ चे, हेही बघून घ्यावं.

मोजायची जुनी पद्धत मुलांच्या खेळण्यातल्या क्लेची आहे आणि ती अजूनही उत्तम आहे. पिस्टनच्या माथ्यावर क्लेचा पातळ थर, त्याला तेलाचा हात, हेड गॅस्केटसकट बसवून नट आवळायचे, टायमिंग लावायचं आणि क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवायचा. हेड काढून व्हॉल्व्हचा ठसा कापला की सर्वांत पातळ जागी किती जाडी उरली ते दिसतं. इनटेकला किमान २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी हा सर्वसाधारण संकेत आहे. एक्झॉस्टला जास्त, कारण तो तापून लांबतो आणि पिस्टन त्याच्या मागून वर येत असतो. जास्त वेगात स्प्रिंग किंचित मागे पडली तरी तिथे जागा हवी. सर्वांत जवळची जागा बरोबर टॉपला नसते हेही लक्षात ठेवावं. एक्झॉस्टच्या बाबतीत ती टॉपच्या साधारण १० अंश आधी असते आणि इनटेकच्या बाबतीत तितकीच नंतर. पिस्टन टॉपला आणून मोजलं आणि जागा भरपूर आहे असं ठरवलं, तर फसगत होते.

सगळं बांधून झाल्यावर प्लग न लावता, त्याच आखूड पान्याने क्रँकचे दोन फेरे. तेवढ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. मग पुन्हा टॉपला येऊन गेज बसतंय का ते बघायचं आणि त्यानंतरच सेल्फला हात लावायचा.

लागलंच असेल तर

टक्कर झाल्याची शंका असेल तर इंजिन सुरू करून बघू नये. वाकलेला व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या आपल्या बैठकीवर, पूर्ण बसत नाही, त्यामुळे कॅमच्या पाठीशी त्याची फट आधीपेक्षा वाढलेली सापडते. आधी मोजून लिहून ठेवली असेल तर फरक लगेच दिसतो. आणखी खात्री हवी असेल तर त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर टॉपला ठेवून, क्रँक घट्ट धरून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा कमी दाबाने सोडायची. कार्बोरेटरमधून फुसफुस ऐकू आली तर इनटेक, सायलेन्सरच्या पाइपमधून आली तर एक्झॉस्ट, आणि ऑइल भरायच्या भोकातून आली तर व्हॉल्व्हचा दोष नाही, रिंगांचा आहे.

वाकलेला व्हॉल्व्ह ठोकून सरळ करून देणारे लोक आहेत. तसं करून घेऊ नये. एकदा वाकलेली टोपी दांड्यापासून तुटून चालत्या इंजिनात सिलिंडरमध्ये पडली तर पिस्टन, हेड आणि कधीकधी ब्लॉकसुद्धा घेऊन जाते. नवा व्हॉल्व्ह घ्यावा, गाइड फाटलं नाही ना ते बघावं, सीटवर पेस्ट लावून घासून घ्यावा. मग हेड उलटं करून, दोन्ही व्हॉल्व्ह स्प्रिंगांसकट बंद आणि प्लग लावलेला असताना त्या ज्वलनकक्षात रॉकेल भरून ठेवावं. अर्ध्या तासाने पोर्टमध्ये बोट फिरवून बघावं. बोट कोरडं असेल तर हेड बसवायला हरकत नाही.